गच्चीवरून : मध्याकडे जाणारी अवघड वाट



मागच्या महिन्यात या सदरात कृष्णविवरांवर लिहिलं आणि त्यानंतर एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून आला. शब्द थोडे निराळे, मतलब तोच. "काका, आकाशगंगेच्या मध्यभागी एवढं मोठं कृष्णविवर बसलंय, म्हणजे आपण सगळे हळूहळू त्यात जाणारच ना? बेसिनमधलं पाणी भोकाकडे जातं तसं?" एका आईने तर कळवलं, की कुठलासा व्हिडिओ बघून धाकटी दोन रात्री नीट झोपलेली नाही.

तिच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. आपण त्यात जाणार नाही. आता बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण खरी गंमत उलटीच आहे. मध्यभागी काहीही पोचवणं इतकं कठीण आहे, की तिथे जो थोडाफार वायू पोचतो तो कसा पोचतो, हे शोधण्यात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षं गेली आहेत.

आधी थोडे आकडे. सूर्य आकाशगंगेच्या मध्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर आहे. सेकंदाला साधारण २२० किलोमीटर वेगाने तो त्या मध्याभोवती फिरतो आणि तरी एक फेरी पुरी व्हायला त्याला २३ कोटी वर्षांच्या आसपास लागतात. जन्मापासून त्याच्या जेमतेम वीस फेऱ्या झाल्या असतील. मधल्या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतकं. ऐकायला भयंकर वाटतं, पण आपल्या कक्षेच्या आत तारे, वायू वगैरे मिळून जे वस्तुमान आहे ते दहा हजार कोटी सूर्यांच्या घरात जातं. म्हणजे कृष्णविवराचा वाटा पंचवीस हजारांत एक. ते उद्या कुणी उचलून नेलं तरी सूर्याच्या वाटेत फारसा फरक पडणार नाही.

मग बेसिनचं काय? बेसिनमधलं पाणी भोकाकडे जातं कारण ते बेसिनच्या भिंतींना घासतं, एकमेकांना घासतं, आणि घासता घासता त्याचं गोल फिरणं कमी होतं. आकाशगंगेला भिंती नाहीत. आणि आपल्या आसपासचा तिथला वायू इतका विरळ, की साखरेच्या खड्याएवढ्या जागेत सरासरी एखाददुसरा अणू. एवढ्याशा घासण्यावर विसंबून राहिलं, तर विश्वाच्या आजवरच्या १३८० कोटी वर्षांतही तो वायू मध्याकडे आला नसता.

आपल्या तापीचं उदाहरण घ्या. मुलताईला उगम, मग बऱ्हाणपूर, भुसावळ, उकाई असं करत ७२४ किलोमीटरवर सुरतेजवळ समुद्र. तापीचं पाणी उतार मिळाला की उतरतं, त्याला दुसरं काही करायचं नसतं. दीर्घिकेतल्या वायूलाही उतार आहेच. गुरुत्वाकर्षण त्याला मध्याकडे ओढतंय. पण तो उभा नाही, आडवा पळतोय, तेही प्रचंड वेगाने. जेवढा आत पडतो तेवढाच बाजूला सरकतो, आणि परिणामी नुसता गोल फिरत राहतो. चंद्र पृथ्वीवर पडत नाही त्याचं कारणही हेच.

शाळेच्या पुस्तकात याला कोनीय संवेग म्हणतात. मी घरी फिरकी म्हणतो, म्हणजे उत्तरायणात मांजा गुंडाळायची फिरकी नव्हे, गोल फिरण्याचा साठा. हा साठा आपोआप संपत नाही. तो फक्त दुसऱ्या कुणालातरी देता येतो. करून बघायचं असेल तर बाबांच्या ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर बसा, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरून हात पसरा आणि कुणालातरी हळूच फिरवायला सांगा. मग हात छातीशी घ्या. खुर्ची एकदम जोरात फिरायला लागेल. (आजीची काचेची टेबलं दूर ठेवा, आणि पाय लगेच जमिनीला टेकवू नका.) साठा तोच, पण मध्याजवळ आलं की वेग वाढतो. वायूचीही हीच पंचाईत आहे. आत यावं तर वेग वाढतो, आणि वाढलेला वेग त्याला परत बाहेर नेतो.

किती फिरकी टाकावी लागते याचा हिशेब मी एकदा मांडून बघितला. सूर्याजवळचा एखादा वायूचा ढग मध्यापासून तीन-चारशे प्रकाशवर्षांपर्यंत आणायचा असेल, तर त्याने आपली ९९ टक्के फिरकी कुणालातरी देऊन टाकली पाहिजे. आणि एवढं करूनही तो कृष्णविवरापासून तीन-चारशे प्रकाशवर्षं लांबच!

मग ही फिरकी घेतं कोण?

मुख्यतः तारे. देवाणघेवाणीचं ठिकाण म्हणजे आकाशगंगेच्या मधला दांडा. सर्पिल दीर्घिका म्हटलं की डोळ्यांसमोर भिंगरीसारखे वळलेले फाटे येतात, पण निम्म्याहून जास्त सर्पिल दीर्घिकांच्या मध्यातून ताऱ्यांचा एक लांबट पट्टाही गेलेला दिसतो आणि फाटे त्याच्या टोकांपासून निघतात. आपल्या आकाशगंगेतही असा दांडा आहे. आपण तिच्या आतच राहतो, त्यामुळे बाहेरून फोटो काढायची सोय नाही. तो दांडा खरंच आहे याची खात्री पटायला १९९०चं दशक उजाडावं लागलं.

दांड्यातले तारे गोल फिरत नाहीत, लांबुळक्या वाटांनी फिरतात आणि त्या वाटा एकमेकींना छेदतात. ताऱ्यांना त्याची फिकीर नाही. सूर्य वाटाण्याएवढा करून सुरतेत चौक बाजारात ठेवला, तर त्याच्या सगळ्यात जवळचा तारा त्या मापात अहमदाबादला पडेल. एवढ्या मोकळ्या रस्त्यावर कोण कुणाला धडकणार? वायूचं तसं नाही. वायूचे ढग पसरट असतात, ते एकमेकांतून आरपार जाऊ शकत नाहीत. रिंग रोडवर कपड्याचे ताके भरलेले टेम्पो दोन्हीकडून एकाच चौकात घुसले की काय होतं ते तुम्ही बघितलंय. दांड्यातही नेमकं तेच होतं. ढग ढगांवर आदळतात, वायू दाबला जातो, तापतो, आणि ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने निघून जाते. फोटोत दांड्याच्या बाजूने धुळीच्या ज्या काळ्या रेघा दिसतात ना, त्याच या धडकांच्या जागा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. या रेघा दांड्याच्या बरोबर मधोमध नसतात, दांडा ज्या दिशेने फिरतो त्या बाजूला थोड्या पुढे सरकलेल्या असतात. म्हणजे दाटलेला वायू पुढे आणि ताऱ्यांचा वजनदार दांडा जरा मागे. मागचा दांडा पुढच्या वायूला गुरुत्वाकर्षणाने मागे खेचतो. सदऱ्याला धरून पोराला मागे ओढावं तसं. वायूची फिरकी कमी होते, ती दांड्याच्या ताऱ्यांकडे जाते, आणि वायू रेघेवरून मध्याकडे घसरतो. आपल्या आकाशगंगेत या वाटेने दरवर्षी साधारण एका सूर्याइतका वायू आत येतो असा अंदाज आहे.

व्हिडिओवाले नेमकी एक गोष्ट सांगत नाहीत. हा खेळ फक्त दांड्याच्या टप्प्यात चालतो. त्या टप्प्याच्या बाहेरच्या वायूला दांडा उलट फिरकी देतो आणि आणखी बाहेर ढकलतो. सूर्य त्या बाहेरच्या भागात आहे. म्हणजे धाकटीला निर्धास्त झोपू द्या, आपल्या शेजारच्या वायूलासुद्धा त्या दांड्याच्या वाटेवर प्रवेश नाही.

दांड्याखेरीज सर्पिल फाटेही थोडंफार हेच काम करतात. फाटे जवळजवळ सगळीकडे फिरण्याच्या दिशेच्या मागे वळलेले दिसतात. तसं वळण असलं की फिरकी बाहेरच्या बाजूला पाठवता येते, हे १९७२ मध्ये लिंडन-बेल आणि काल्नाय्स या दोघांनी गणिताने दाखवलं. पण हे काम फार संथ. बाहेरच्या तबकडीत वायूचं आत सरकणं सेकंदाला फार तर काही किलोमीटर, आणि गोल फिरणं दोनशेच्या वर. मोजणाऱ्यांची दमछाक होते ती यामुळेच.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. चंदा जोग यांचं नाव या विषयात आवर्जून घ्यायला हवं. १९८४ मध्ये त्यांनी फिलिप सॉलोमन यांच्याबरोबर दाखवलं, की तारे आणि वायू यांचा वेगवेगळा हिशेब करून चालत नाही. वायू वजनाने थोडा असला तरी थंड असतो, आणि त्याच्या थोड्याशा भरीनेही साऱ्या तबकडीत गुठळ्या आणि फाटे तयार व्हायला मदत होते. वरणात चिमूटभर हिंग पडल्यावर सगळी चव बदलते, तसं काहीसं. पुढे त्यांनी एका बाजूला झुकलेल्या, बेढब दीर्घिकांवर खूप काम केलं. भिंगरी दीर्घिका म्हणून प्रसिद्ध असलेली एम १०१ अशीच एकीकडे कललेली आहे. निदान एक तृतीयांश सर्पिल दीर्घिका थोड्याबहुत अशा असतात, आणि हा बेढबपणाही वायूची फिरकी काढून घ्यायला हातभार लावतो. पुस्तकातल्या सुबक चित्रांवर माझा विश्वास उडाला तो हे वाचल्यापासून.

बरं, दांड्यावरून घसरलेला वायू थेट कृष्णविवरात पडतो का? तेही नाही. मध्यापासून काही शे प्रकाशवर्षांवर तो पुन्हा गोल वाटेला लागतो आणि तिथेच कड्यासारखा साठतो. बाजारात शिरलेला माल रिंग रोडवरच अडकावा, तशातला प्रकार. आपल्या आकाशगंगेत या भागात काही कोटी सूर्यांइतका वायू साठलेला आहे. धनू बी२ नावाचा अजस्र ढग इथलाच. त्यात १९७५ मध्ये मद्यार्क सापडला, आपण ज्याला अल्कोहोल म्हणतो तोच. गुजरातेत राहून हे लिहायला हरकत नसावी, कारण परमिट असलं तरी तिथवर जायला २६,००० वर्षं लागतील, तीही प्रकाशाच्या वेगाने.

हे कडं बाहेरून कसं दिसतं ते बघायचं असेल तर एनजीसी १०९७ या दीर्घिकेचा फोटो शोधा. सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षं दूर, मधोमध दांडा, आणि दांड्याच्या पोटात सुमारे ५००० प्रकाशवर्षं रुंदीचं कडं, नव्या ताऱ्यांनी लखलखणारं. घरातल्या नथीत मोती गुंफावेत तसं.

आपल्या कड्यात मात्र एक कोडं आहे. वायू येतो वर्षाला साधारण एका सूर्याइतका, आणि नवे तारे बनतात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके. कृष्णविवराच्या तोंडी जातो तो जवळपास नगण्य. उरलेला कुठे जातो? काही साठतो, आणि काही बहुधा बाहेर फेकला जातो. २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या मध्याच्या वर आणि खाली, प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षं उंचीचे दोन फुगे सापडले. कधीकाळी मध्यातून जोरदार झोत निघाल्याची ती खूण. म्हणजे ज्याला आपण सगळं गिळणारं भोक समजतो, तो भाग आलेलं बरंचसं परत उडवून लावतो. १२ मे २०२२ रोजी आपल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, ते अशा अर्धपोटी कृष्णविवराचं आहे.

आता माझ्या मते याहून महत्त्वाचा प्रश्न. घाबरायचंच असेल तर याला घाबरा : वायू संपला तर? तारे वायूतून बनतात. आपली आकाशगंगा दरवर्षी एक-दोन सूर्यांइतके नवे तारे घडवते, आणि तिच्यातला एकूण वायू धरला तरी बाहेरून भर पडली नाही तर तो काही अब्ज वर्षांत आटेल. मग उरतील ते म्हातारे होत जाणारे तारे. उकाईच्या वर पाऊसच झाला नाही तर सुरतेचे नळ किती दिवस चालतील, तसला हिशेब.

या हिशेबाचा जुना अध्याय आपल्या पुणे जिल्ह्यात लिहिला गेला. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तबकड्या भरीव नाहीत, पोलादी तारेच्या जाळीच्या आहेत, म्हणजे वारा आरपार जातो आणि खर्चही वाचतो. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो, आणि त्या ऐकून दीर्घिकेत वायू किती आहे, तो कुठल्या वेगाने सरकतोय हे कळतं. पण अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारी ही कुजबुज एकेका दीर्घिकेची वेगळी ऐकू येणं जवळजवळ अशक्य. म्हणून पुण्याच्या एनसीआरए आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सरासरी काढली. निष्कर्ष असा, की आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण तारे बनवण्याचा त्यांचा वेग एवढा होता की तो साठा एक-दोन अब्ज वर्षंच पुरला असता. पुढे विश्वातली ताऱ्यांची निर्मिती मंदावली, त्याचं हे एक सरळ कारण दिसतं : बाहेरून पुरेसा वायू येईना. हा शोध ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. त्याच्या आदल्याच महिन्यात, ७ सप्टेंबरला, स्वरूप सर गेले होते.

आणि ताजी गोष्ट नोव्हेंबर २०२५ची. पुण्याच्याच एनसीआरएमध्ये पीएच.डी. करणारी राशी जैन आणि तिचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक सर्पिल दीर्घिका ओळखली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची. तिचं नाव त्यांनी ठेवलं अलकनंदा. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि मंदाकिनी-अलकनंदा या तर हिमालयातल्या सख्ख्या बहिणी, रुद्रप्रयागला एकमेकींना मिळणाऱ्या. सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं रुंद, दोन नीटस फाटे, आणि वर्षाला सुमारे ६० सूर्यांइतके तारे घडवण्याचा सपाटा. एवढ्या लवकर इतकी सुबक तबकडी तयार व्हायला नको होती, असंच आजवर धरून चाललं होतं. वायू बाहेरून येणार, त्याची तबकडी थंडावणार, मग फाटे उमटणार, या सगळ्याला वेळ लागतो. अलकनंदेने तो हिशेब पुन्हा मांडायला लावलाय. अकरावी-बारावीतल्या मुलामुलींनी हे जरा लक्षात घ्या. आपल्याकडे हिरे, कापड, सीए यांच्या पलीकडची यादी सहसा संपलेली असते, आणि हे काम नाशिक-पुणे रस्त्यावर, आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर चाललंय.

खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळा-कॉलेजांची मुलं मोठ्या संख्येने जमतात. सुरतहून सापुतारा, नाशिक करत नारायणगाव गाठता येतं. मंडळातर्फे एक बस काढावी असा विचार आहे, नावं कार्यकारिणीकडे द्या. तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातल्या कुजबुजीपुढे आपला फोन म्हणजे लग्नातला डीजे. पोरांना आधीच सांगून ठेवा.

तोवर आकाश बघायचं असेल तर मे महिन्यात रात्री दोन-तीनच्या सुमारास दक्षिणेकडे बघा, क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर, धनू राशीत. शहरात दिव्यांमुळे काही दिसणार नाही. सापुताऱ्याला किंवा डांगच्या एखाद्या गावात मुक्काम असेल तर आकाशगंगेचा पट्टा तिथे सगळ्यात जाड दिसतो, आणि मधोमध काळ्या चिरा दिसतात. त्या रिकाम्या जागा नाहीत. तीच धूळ आणि तोच वायू, मागच्या ताऱ्यांना झाकून टाकणारा.